आमची दोन आसनी गाडी बेवारस नसल्याबाबत

प्रति,
मा. विभाग अधिकारी,
वाहने व उपद्रव शाखा,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला
(जिन्याने, लिफ्ट बंद असल्याचा फलक मी नोकरीत असल्यापासून तिथेच आहे).

विषय : आवारातील तांबडी जुनी जपानी गाडी बेवारस म्हणून उचलून नेण्याच्या, तसेच त्याच गाडीवर विनापरवाना कारखाना चालवत असल्याच्या, अशा एकाच दिवशी मिळालेल्या दोन नोटिसांबाबत खुलासा.

संदर्भ :
१) आपली नोटीस, शाखा 'अ' (बेवारस वाहने), दि. ३.
२) आपली नोटीस, शाखा 'ब' (विनापरवाना व्यवसाय), दि. ३.
३) शेजाऱ्यांचे तक्रार अर्ज, एकूण सात.
४) आपल्याच क्रेनचालकाचा अहवाल, दि. ९.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरून निवृत्त झालेली टंकलेखिका असून तिचे वय बासष्ट आहे. एकतीस वर्षे मी इतरांचे अर्ज, त्यांवरची उत्तरे आणि त्या उत्तरांवरची स्मरणपत्रे टंकली. 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे शब्द माझी बोटे आजही डोळे मिटून लिहितात. स्वतःसाठी अर्ज करण्याची मात्र ही पहिलीच वेळ आहे, तेव्हा काही कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे.

२. दोन्ही नोटिसा एकाच शिपायाने, एकाच डिंकाने, एकाच फाटकावर डकवल्या. पहिलीत म्हटले आहे की, सदर वाहनास वर्षभरात कोणीही हात लावलेला नसून ते बेवारस आहे, पंधरा दिवसांत न हलवल्यास उचलले जाईल. दुसरीत म्हटले आहे की, त्याच वाहनावर दररोज सायंकाळी ठोकाठोक, घासाघीस व सुट्या भागांचे उत्पादन चालते, ते त्वरित बंद करावे. महोदय, मी दोन्ही नोटिसा शेजारी शेजारी ठेवून तीन वेळा वाचल्या. हात लावला नाही म्हणून शिक्षा आणि हात लावला म्हणूनही शिक्षा, अशी ही व्यवस्था दिसते. दोन्ही शाखांची टेबले एकाच खोलीत, समोरासमोर आहेत. ती मीच लावून घेतली होती.

३. आता गाडीविषयी. गाडी माझ्या मुलाच्या नावावर आहे. तो मालवाहू जहाजावर इंजिन विभागात नोकरीला आहे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने ही गाडी ट्रकवर घालून आणली. गाडी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे. दारे दोन, आसने दोन, उंची माझ्या कमरेइतकी. पुढचे दिवे बॉनेटच्या आत झाकलेले असतात आणि बटण दाबले की डोळे उघडावेत तसे वर येतात. मुलाने मला हे सहा वेळा करून दाखवले. जहाजाचे एवढे मोठे इंजिन आपण सांभाळतो, त्यापुढे हे म्हणजे खेळणे, असे त्याचे म्हणणे पडले. तीन दिवसांत त्याने त्या खेळण्याचा वरचा निम्मा भाग सुटा केला, बोल्ट बिस्किटांच्या डब्यांत भरले आणि चौथ्या दिवशी "आल्यावर जोडतो" असे सांगून तो बोटीवर निघून गेला. करार नऊ महिन्यांचा होता, पुढे तो वाढला.

४. अशा रीतीने घरात आम्ही तिघी उरलो : मी, माझी सून आणि ठोकळ्यांवर उभी केलेली ती गाडी. तिघींचीही एकमेकींशी विशेष ओळख नव्हती.

५. सुनेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. बोलणे मोजके. वागण्यात कुठेही बोट ठेवायला जागा नाही, आणि हीच अडचण होती. माझेही वागणे बहुधा तसेच असावे. दोन कार्यालयांत चालतो तसा आमचा व्यवहार चाले. ती सकाळी निघताना फ्रिजवर चिठ्ठी लावी, 'दूध आहे.' मी संध्याकाळी तिच्याखाली लिही, 'पाहिले.' पाच महिने असे गेले. भांडण एकही झाले नाही. भांडायलासुद्धा थोडी ओळख लागते.

६. सहाव्या महिन्यात एके दिवशी पाचच्या सुमारास मी वाळलेले कपडे काढायला बाहेर आले, तर सून गाडीत बसलेली. मांडीवर प्रवासाची बॅग. गाडीचे दार आतून उघडत नसे, कारण आतली मूठ तुटलेली होती. काचही खाली जात नव्हती. म्हणजे ती आत अडकली होती आणि किती वेळ अडकली होती हे विचारण्याची सोय नव्हती. मी बाहेरून दार उघडले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आई, ही काच खाली जात नाही."

पाच महिन्यांतले तिचे ते सर्वांत लांब वाक्य. मला बॅग दिसत होती. पण समोरच्याने जेवढे मांडले तेवढ्यालाच उत्तर द्यायचे, ही माझी जुनी कार्यालयीन सवय. मी म्हटले, "थांब, स्क्रू-ड्रायव्हर आणते."

७. येथे नमूद करावेसे वाटते की, मी माझे टाइपरायटर एकतीस वर्षे स्वतः दुरुस्त केले. दुरुस्तीवाल्याची वाट पाहिली असती तर आपल्या विभागाचा कारभार केव्हाच थांबला असता. ती बारीक हत्यारे अजून माझ्याकडे आहेत. त्यांनी आम्ही दाराचे आतले पॅनल काढले. काच वर-खाली करणारे दातेरी चाक फुटलेले होते. तसले चाक आता कुठे मिळत नाही, असे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने सांगितले आणि गाडी भंगारात द्या असा सल्लाही दिला. सुनेने फुटके तुकडे रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेले, साचा घेतला आणि तिसऱ्या दिवशी नवे चाक घेऊन आली. ते कवळीच्या हिरडीचे असते त्या गुलाबी रंगाचे आहे. बसवले, काचेचा दांडा फिरवला, काच खाली गेली. आम्ही ती अकरा वेळा वर-खाली केली. बॅग केव्हा घरात परत गेली ते मी पाहिले नाही.

दुसऱ्या नोटिशीतील 'सुट्या भागांचे उत्पादन' हा आरोप या चाकापुरता मान्य आहे.

८. त्यानंतर रोज संध्याकाळी सून आली की आम्ही चहा घेऊन बाहेर जात असू. गाडीसोबत आलेले दुरुस्तीचे पुस्तक जपानी भाषेत होते. आम्हा दोघींना त्यातले एक अक्षर कळत नाही, परंतु चित्रांना आकडे आहेत, आणि आकडे असले की काम माझे. मी बिस्किटांचे डबे ओतून प्रत्येक बोल्टला स्वतंत्र लिफाफा, त्यावर आवक क्रमांक, चित्राचा क्रमांक आणि स्थिती (चांगला, गंजका, शंकास्पद) असे करून तीनशे शहाऐंशी लिफाफे तयार केले. सून हात पसरून नुसता आकडा सांगे, मी लिफाफा देई आणि वहीत जावक नोंद करी. इंजिनाचा वरचा भाग लेथवाल्याकडून घासून आणला. झडपा तिने स्वतः घासून बसवल्या. दाताच्या टोपणात केसाएवढी फट राहिली तरी माणूस परत येतो, असे ती म्हणे. सगळे जोडून झाल्यावर डब्यात एकही बोल्ट उरला नाही. हे कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला सांगितले, तेव्हा तो हसला नाही, गंभीर झाला.

मुलगा जहाजावरून फोन करून मार्गदर्शन करी. त्याचा आवाज तुटक येत असल्याने आमचे काम वेळेत झाले.

९. आता शेजाऱ्यांच्या तक्रारी. आमचे शेजारी पियानोचे सूर जुळवण्याचा व्यवसाय करतात. आम्ही घरात त्यांना कानकाका म्हणतो. (हे नाव अर्जात यायला नको होते, पण टंकून झाले आहे आणि खाडाखोड केलेला अर्ज आपले कार्यालय स्वीकारत नाही.) गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्याच दिवशी त्यांनी आपल्याकडे पहिला तक्रार अर्ज दिला. त्याची प्रत आम्हाला मिळाली. त्यात म्हटले होते : 'सदर इंजिन दर चार ठोक्यांपैकी एक ठोका गाळते. माझ्या व्यवसायातील माणसाला हे ऐकत बसणे फार जड जाते.'

सुनेने ती तक्रार उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाली, "एक सिलिंडर मेलाय." आम्हा दोघींना गाडी थोडी थरथरते एवढेच कळले होते. तिने इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तीन वायरींना आवाज आणखी बिघडला, चौथीला काहीच फरक पडला नाही. तीच चिरलेली निघाली. नवी घातली. पुढच्या आठवड्यात दुसरी तक्रार आली : 'आता ठोके चारही येतात, त्याबद्दल आभार. परंतु सायलेन्सरचा नाद दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. कोणताही एक सूर धरावा.'

तो सायलेन्सर मुलाने हौसेने मागवून पाठवलेला होता. त्याच्या तोंडातून हात कोपरापर्यंत आत जातो. सुनेने त्यात आतून जाळीची नळी बसवली. ती किती लांब हवी हे शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून हाताच्या खुणेने सांगितले, तोंडाने नाही, कारण तक्रार चालू असताना बोलणे त्यांना योग्य वाटत नव्हते. तात्पर्य, महोदय, इतका उपयोगी तक्रारदार मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. त्यांच्या पुढच्या तक्रारी आम्हाला थेट मिळाल्या तर आपल्या टपालाचा आठवडा वाचेल.

१०. उरलेल्या तक्रारींचा खुलासा थोडक्यात करते. गाडीच्या मागे बसवलेल्या पंखावर आम्ही फडकी वाळत घालतो, हे खरे आहे. तो पंखही मुलाने पाठवला. वेगात गाडी जमिनीला घट्ट धरावी यासाठी तो असतो म्हणे. ठोकळ्यांवरच्या गाडीला त्याचा दुसरा उपयोग आम्हाला सुचला नाही. गाडी येणाऱ्या-जाणाऱ्यांना डोळा मारते, हेही खरे आहे. डावा दिवा उजव्याच्या मागून दोन सेकंदांनी उघडतो. दुरुस्त करता आला असता. सून म्हणाली, राहू दे. मी गाडीच्या दारावर बाहेरून लाकडी दांडा बसवून घेतला आहे, ही सातवी तक्रार. त्याचे कारण माझे गुडघे. या गाडीत बसणे म्हणजे विहिरीत उतरणे आहे. दांडा धरून मी आत जाऊ शकते. बाहेर येण्यासाठी सून लागते.

११. आता दि. ९ चा प्रसंग, ज्यासाठी मुख्यत्वे हा अर्ज आहे. नोटिशीची मुदत दि. १८ पर्यंत असताना आपली क्रेन नऊ दिवस आधीच सकाळी दहा वाजता आली. त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. आम्ही आसनांना नवी कव्हरे चढवून ती बसून पाहत होतो. क्रेनचालक सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी खिडकीशी वाकून मला मावशी म्हटले आणि खाली उतरायची विनंती केली. मी त्यांना सांगितले की, उतरता येत नाही. एक तर गुडघे. आणि दुसरे म्हणजे आपल्याच कार्यालयाचे परिपत्रक, त्यातील कलम सात, 'मनुष्य आत असताना वाहन उचलण्यात येऊ नये.' ते परिपत्रक मीच टंकले होते. मूळ मसुद्यात 'मनुष्य' हा शब्द राहून गेला होता, तो मी घातला. त्या वेळी साहेबांनी मला विनाकारण शहाणपणा करू नये असे बजावले होते.

क्रेनचालकाने कार्यालयात फोन केला. कार्यालयाने 'बघतो' असे सांगितले. आपल्या कार्यालयाचे 'बघतो' मला माहीत असल्याने मी सुनेला आसन थोडे मागे सरकवून बसायला सांगितले.

१२. आम्ही त्या गाडीत चार तास बसलो. दोघींमध्ये गिअरच्या दांड्याएवढे अंतर, समोर काच, काचेपुढे क्रेनचा आकडा. आत बसल्या बसल्या मुलाचाही फोन आला. कोणीतरी त्याला कळवले असावे. एवढा मनस्ताप नको, गाडी जाऊ दे, असे तो म्हणाला. सुनेने फोन ऐकून घेतला, "बरं" म्हणाली आणि ठेवला. मग बराच वेळ ती स्टीअरिंगवरची शिवण बोटाने चाचपत राहिली. ती शिवण तिनेच घातली आहे. नंतर म्हणाली, "त्या दिवशी मी निघाले होते, आई. कायमची. बोलावलेली रिक्षा यायला वेळ होता, म्हणून पाच मिनिटं इथं बसले."

मी म्हटले की, बॅग मला दिसली होती.

"मग विचारलं का नाहीत?"

मी खरे तेच सांगितले. विचारले असते तर तिने उत्तर दिले असते, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

ती म्हणाली, "तुमचं काही चुकलं नव्हतं. पण पाच महिने मी पाहुणी होते. पाहुणीला कोणी काम सांगत नाही. त्या दिवशी तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर आणलात आणि माझ्या हातात दिलात."

खिशात ग्रीस पुसायचे फडके होते, तेच दोघींनी डोळ्यांना लावले. त्यामुळे पुढील दोन तास आमच्या दोघींच्या चेहऱ्यांवर काळे पट्टे होते व क्रेनचालकाने ते पाहून काही विचारले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

१३. दोनच्या सुमारास कानकाका कुंपणाचे दार उघडून आत आले. आमच्याकडे येण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सात तक्रारी त्यांच्याच असल्याने क्रेनचालकाला वाटले की साक्षीदार आला. त्यांनी मात्र क्रेनचे इंजिन बंद करायला सांगितले, कारण त्याच्या घरघरीत त्यांना काही ऐकू येत नव्हते. मग सुनेला म्हणाले, "चालू करा."

सुनेने चावी फिरवली. ते बॉनेटवर दोन बोटे ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. सुनेने पाय थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. माझ्या आसनाखालून तो आवाज पाठीपर्यंत चढत होता. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि एवढेच म्हणाले, "बरोबर आहे." क्रेनचालकाने टोपी काढली. का, ते त्यांनाच माहीत.

त्यानंतर त्यांनी बॉनेटवरच कागद ठेवून अहवाल लिहिला. तो शब्दशः असा : 'वाहन बेवारस नाही. आत दोन बायका आहेत. उठत नाहीत.' इतका अचूक अहवाल आपल्या कार्यालयातून निघालेला मी पाहिलेला नाही. सदर कर्मचाऱ्यास शाबासकी मिळावी, अशी आगाऊ विनंती आहे.

१४. वरील सर्व बाबी पाहता शाखा 'अ' ची नोटीस मागे घेण्यात यावी.

शाखा 'ब' ची नोटीस मात्र कृपया मागे घेऊ नये. ती लिहिली गेली तेव्हा व्यवसायापुरती खोटी होती, परंतु आता खरी होऊ लागली आहे. दि. १० रोजी क्रेनचालक स्वतःची जुनी गाडी घेऊन आले. तिचीही काच खाली जात नाही. दि. ११ रोजी त्यांचे मेहुणे आले. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला एक फुटके चाक घेऊन, सहज म्हणून येऊन गेला व जाताना ते विसरून गेला. कानकाकांनी फाटकापाशी खुर्ची टाकली असून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ती आत येण्याआधीच ते ऐकून घेतात आणि चिठ्ठीवर लिहून देतात. तेव्हा आम्हास रीतसर परवाना देण्यात यावा.

१५. मुलाची लेखी संमती सोबत जोडली आहे. तो या महिनाअखेर घरी येत आहे. गाडीवरच्या आपल्या जुन्या कामाबद्दल तो विचारीत होता. त्यास सुरुवातीस तीन महिने परिविक्षेवर, फक्त बोल्ट पुसण्यासाठी ठेवण्याचे ठरले आहे. सुटे करण्याचे काम त्याला इतक्यात दिले जाणार नाही.

१६. परवान्याचा नमुना मी टाइपरायटरवर भरणार होते, पण सुनेने तो माझ्याकडून मागून घेतला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून हाताने भरला. 'मालक' या रकान्यात मी तिचे नाव सांगितले, तिने माझे. शेवटी रकाना अरुंद असूनही दोन्ही बसवली आहेत, तरी ती वाचून घ्यावीत. तिचे पारपत्र, बँक, नोकरी, सगळ्या कागदांवर आजवर तिच्या माहेरचा पत्ता आहे. लग्नानंतरही तिने तो बदलला नव्हता आणि मी तो विषय कधी काढला नव्हता. या नमुन्यात 'कायमचा पत्ता' हा रकाना आला, तेव्हा मी उठून ओट्यापाशी गेले आणि उगाच भांडी लावू लागले. पाठीमागून तिने विचारले, "आई, आपलं घर बारा अ की बारा ब?"

मी बारा ब असे सांगितले. सदर नोंद बरोबर आहे, ती ग्राह्य धरावी.

कळावे,
स्वतःसाठी प्रथमच सही करणारी,

(सही)
अर्जदार, निवृत्त टंकलेखिका

(सही)
सहअर्जदार, दंततंत्रज्ञ

दिनांक : १२, दुपारी.

सोबत :
१) दोन्ही नोटिसा (डिंकासह).
२) क्रेनचालकाच्या अहवालाची प्रत.
३) मुलाची संमती, जहाजावरून पाठवलेली, एक ओळ.
४) परवान्याचा भरलेला नमुना. कोपऱ्यातील काळा डाग ग्रीसचा आहे, शाईचा नाही.